निजवलेलं नाव

दंडाला बांधलेला रबरी पट्टा तसाच ठेवून ती बाई खुर्चीतून उठली आणि निघून गेली, एवढंच झालं. ॲडलेडमधल्या ज्या तपासणी केंद्रात मी नोकरी करते तिथं दिवसाकाठी साठ-सत्तर माणसांचं रक्त माझ्या हातून जातं. आधी पूर्ण नाव विचारायचं, मग जन्मतारीख, नळीवर चिठ्ठी चिकटवायची, ती त्याच माणसाला वाचून दाखवायची, आणि मग बोलता बोलता सुई टोचायची. सोळा वर्षं मी हेच करतेय. ही बाई आमच्याकडची, मधल्या वाळवंटातल्या मूळ रहिवाशांपैकी होती. तिनं तसं सांगायची गरज नव्हती. फुलाफुलांचा परकर, डोक्याला लोकरीची टोपी, आणि अंगाला तो लाकडाच्या धुराचा वास, जो कितीही धुतलं तरी आमच्या माणसांच्या कपड्यांतून जात नाही. मी पट्टा आवळला आणि नेहमीच्या सुरात म्हणाले, "पूर्ण नाव सांगा." ती माझ्या छातीवरच्या बिल्ल्याकडं बघत होती. 'डल्सी', एवढंच असतं त्यावर. मग तिनं माझ्या चेहऱ्याकडं बघितलं, मग पुन्हा बिल्ल्याकडं, आणि पट्ट्यावरूनच बाही खाली ओढून ती दाराबाहेर पडली. पुढच्या माणसानं बाही वर केली, नाव सांगितलं, पण मला ते दोनदा विचारावं लागलं.

चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं, हिनं ओळखलं. आईच्या मातीला न आलेली ती हीच, असं तिच्या मनात आलं असणार. नऊ वर्षांपूर्वी वस्तीवरच्या दुकानातून फोन आला होता, आई संपली म्हणून. मी पिशवी भरली, रजा टाकली, बसच्या तळावर जाऊन बाकावर बसले. बस आली, माणसं चढली, बस सुटली, आणि मी बाकावरच. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. बाराव्या वर्षी मला शाळेसाठी इकडं पाठवलं तेव्हापासून मी दोनदाच परत गेले होते, आणि दोन्ही वेळा तिकडचं बोलणं माझ्या तोंडात थोडं थोडं कमी झालेलं होतं. शोकाच्या तळावर बायका छाती पिटून रडतात, एकमेकींच्या अंगावर पडतात, आणि तिथं मी कोरड्या डोळ्यांनी उभी राहिले तर, ही एकच भीती होती. नंतर महिना गेला, वर्ष गेलं. न गेलेल्या माणसाला दर दिवशी जाणं अधिकच जड होतं. आता कोणत्या तोंडानं जाऊ, असं म्हणत मी फोन करणंही सोडून दिलं. माझ्यामागं तिथं उरली होती ती थोरली आई. म्हणजे आईची मोठी बहीण. आमच्यात मावशीला वेगळा शब्द नाही, तीही आईच. मला वाढवलं तिनं आणि नावही तिचंच लावलं. ती थोरली डल्सी, मी धाकटी.

त्या बाईची ती नजर काही दिवस माझ्याबरोबर ट्रामनं घरी आली, माझ्याबरोबर जेवली. एका संध्याकाळी मी संगणकावर उगाच काहीतरी चाळत होते आणि एका सहलीच्या जाहिरातीत मला आमचं पाणी दिसलं. दोन तांबड्या खडकांच्या बेचक्यात साठलेलं, काळं, स्थिर. खाली लिहिलं होतं, पाच दिवस वाळवंटात मुक्काम, मूळ रहिवासी वाटाड्या. त्या पाण्यात मी पोहले होते. मी माझ्याच मुलखात जायला प्रवासी म्हणून नाव नोंदवलं. हसण्यासारखंच आहे. पण पाच-सहा परक्यांच्या आड उभं राहून लांबून एकदा थोरल्या आईला बघावं आणि तिनं मला न बघता परत यावं, एवढीच माझी छाती होती.

ॲलिसला, वाळवंटातल्या ज्या शहरातून सहल निघायची तिथं, सकाळी कडाक्याची थंडी होती. उंच चाकांच्या गाडीपाशी आम्ही सातजण उभे होतो आणि वाटाड्या यादी वाचत होता. मी त्याला ओळखलं. लेस्टर, माझ्या मामाचा मुलगा, म्हणजे आमच्या हिशेबानं माझा थोरला भाऊच. मी लहान असताना तो गुरांच्या कामावर दूर असायचा. त्यानं मला ओळखायचं काही कारण नव्हतं, आणि मी टोपी कपाळावर ओढली होती. "ग्रॅहम," त्यानं वाचलं. मेलबर्नचा एक निवृत्त शिक्षक शाळेतल्या पोरासारखा हात वर करून "हजर" म्हणाला. आणखी दोन नावं झाली. मग लेस्टर थांबला. त्याचा अंगठा कागदावर होता तिथंच राहिला, आणि नजर एकदा माझ्या चेहऱ्यावर येऊन गेली. "लाल टोपीवाल्या बाई," माझ्या डोक्यावरून पलीकडं बघत तो म्हणाला, "हे तुमचं नाव आमच्याकडं सध्या निजलंय. तिकडं कुणी ते घेत नाही. मी तुम्हाला कुन्मनारा म्हणेन. राग मानू नका."

"निजलंय म्हणजे?" ग्रॅहमनं विचारलं.

"माणूस गेलं की त्याचं नाव निजवतो आम्ही. त्या नावाचं दुसरं कुणी असलं तर त्याला कुन्मनारा म्हणायचं. दोन-चार वर्षांनी, दुःख जरा निवलं की उठवतो."

"किती सुंदर," ग्रॅहम म्हणाला आणि त्यानं वहीत लिहून घेतलं.

मला ते समजावून सांगायची गरज नव्हती. थोरली आई गेली. त्या नावाची तिथं ती एकच होती. मी गाडीत मागच्या कोपऱ्यात बसले, आणि कुणीतरी मला पुदिन्याची गोळी दिली ती मी चघळली. माय मरो पण मावशी जगो म्हणतात. माय मेली तेव्हा मी बाकावर बसून राहिले होते, आणि आता जिनं जगायचं तीही, मला कळवायचं कुणाला सुचू नये इतकी मी परकी झाले असताना, गेली होती. मला रडता येत नव्हतं. सहलीला आलेल्या माणसांत कोण छाती पिटून रडतं? दुपारी डांबर संपलं आणि गाडी वाळूत उतरली. मग तो मुलूख सुरू झाला, आणि मी दुःख करत होते ते माझ्या हातातून सुटल्यासारखं झालं. वाळूची तांबडी लाट, तिच्या मागं दुसरी, सुरूसारखी उंच काळी झाडं, काटेरी गवताचे फिकट पुंजके, आणि वरून खालपर्यंत सगळीकडं तो उजेड. मी सदतीस वर्षांची बाई आहे, विमानं पाहिलीत, समुद्राकाठी राहते. पण पहिल्या मोठ्या खडकाच्या पायथ्याशी गाडी थांबली आणि मी खाली उतरले तेव्हा माझी मान आपोआप खाली गेली. मोठ्या माणसासमोर जाते तशी. तो खडक आमच्या आजीच्याही आजीनं पाहिला होता, आणि माझ्या आईच्या मातीच्या दिवशीही तो इथं उभा होता. मी नव्हते. त्यानं मला काही विचारलं नाही. कुणी न विचारण्यात एवढी माया असू शकते, हे मला माहीत नव्हतं.

लेस्टरला त्याचं काम येत होतं. संध्याकाळी निखाऱ्यात कांगारूची शेपटी पुरून तो सगळ्यांची टिंगल करायचा. ग्रॅहमला वळकटी सोडता येईना तेव्हा म्हणाला, "गुरुजी, आत माणूस झोपतो. तुम्ही तिला शाळेचं दप्तर समजताय." गोष्टी सांगायचा त्या वरवरच्या. "एवढी तुमच्यासाठी," म्हणायचा, "आतली आमच्या म्हाताऱ्यांपाशी." दुसऱ्या दिवशी सकाळी एका लांबट टेकडीजवळ त्यानं गाडीचा वेग वाढवला आणि मोठ्यानं सांगितलं, "पुरुषांनी सगळ्यांनी डावीकडं बघायचं. उजवीकडची जागा बायकांची आहे. मीपण बघत नाही." आणि खरोखरच मान डावीकडं वळवून तो सरळ रस्त्यावर गाडी हाकत राहिला. ग्रॅहम आणि बाकीचे दोघे पुरुष डावीकडच्या रिकाम्या माळाकडं मन लावून बघत होते. मी उजवीकडं बघितलं. दहा वर्षांची असताना थोरल्या आईनं मला इथं आणलं होतं. काय पाहिलं ते सांगायचं नाही, मी सांगणार नाही. पण ती कपार, तिच्यावरची पांढरी रेघ, सगळं जागच्या जागी होतं, आणि त्यासाठी शब्दही माझ्यात जागच्या जागी होता. सोळा वर्षं नळ्यांवर लोकांची नावं चिकटवता चिकटवता तो विसरलेच असं मी धरून चालले होते.

त्या दुपारी आम्ही जाहिरातीतल्या पाण्यावर पोचलो. लेस्टरनं सगळ्यांना लांबच थांबवलं आणि खडकाच्या दिशेनं हाक दिली, आमच्या बोलीत, आणि मग सगळ्यांना अर्थ सांगितला. "मी म्हटलं, म्हाताऱ्यांनो, आम्ही आलोय. ही लांबची माणसं आहेत, यांना काही कळत नाही, पण मनानं बरी आहेत. रागावू नका, पाणी पिऊन जाऊ." मग त्यानं प्रत्येकाला एकेक खडा पाण्यात टाकायला सांगितला, म्हणजे पाण्याला आपण आल्याचं कळतं. सगळ्यांनी टाकले. माझी पाळी आली तेव्हा मी खडा घेतला नाही. मी विचारही केला नाही. वाकले, मूठभर वाळू घेतली, काखेत घासली आणि पाण्यात टाकली. पाण्याला आपला घाम द्यायचा असतो. वासानं ते माणूस ओळखतं, आपलं की परकं ते ठरवतं. पाण्यावर वर्तुळं उठली आणि काठापर्यंत येऊन विरली. मी वर बघितलं तर लेस्टर माझ्याकडं टक लावून बघत होता, दोन दिवसांत पहिल्यांदाच.

"कुन्मनारा," तो म्हणाला, "लाकडं आणायला चल."

झाडांपलीकडं गेल्यावर तो वाळूत बसला. मी बसले, समोर नाही, बाजूला, बसतात तशी. तो काठीनं वाळूत रेघा ओढत राहिला.

"ही वाळू कुणी शिकवली?"

"थोरल्या आईनं. कधी गेली ती?"

"कोण?"

"थोरली आई."

"ती कुठं जातेय? गेल्याच आठवड्यात माझ्यावर ओरडली, तिचं घोंगडं ॲलिसला विसरून आलो म्हणून. दोन वस्त्यांना ऐकू गेलं असेल."

जीव भांड्यात पडला, पण भांडंच कुठं आहे ते सापडेना. "मग नाव कुणाचं निजवलंय?"

त्यानं काठी खाली ठेवली. "तुझं," तो म्हणाला.

मग त्यानं सांगितलं. तीन थंड्यांपूर्वी दुकानातल्या फोनवर निरोप आला. तुमच्या म्हातारीच्या नावाची, ॲडलेडला गेलेली, ती संपली, तिकडंच पुरली. आमच्यात मेलेल्याचा निरोप असाच देतात. नाव कुणी घेणार नाही, देणाराही नाही, ऐकणाराही नाही. ऐकणाऱ्यानं समजून घ्यायचं. आणि सगळ्यांनी समजून घेतलं. लेस्टर बोलता बोलता थांबला, बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाला, "पश्चिमेच्या वस्तीत एक होती त्याच नावाची. मूत्रपिंडाच्या यंत्रासाठी तिकडं नेलेली. तीच असणार. त्यांच्या माणसांनी नाव उठवलंपण, गेल्या थंडीत. त्यांची एक पोर आहे त्या नावाची, तिला हाक मारताना मी ऐकलं. म्हटलं, यांना काही रीत राहिली नाही."

"कुणी नीट विचारलं नाही?"

"नाव तोंडात घेऊन कोण विचारतं? आणि तू कधी फोन केलास?"

मी त्याची वाळूतली एक रेघ हातानं पुसली. "मग मला बघून तू पळाला नाहीस?"

"पळणार होतो. यादी वाचली, चेहरा बघितला, पाचावर धारण बसली. पण गाडी चालवायला दुसरं कुणी नव्हतं." तो पहिल्यांदा हसला. "दोन दिवस आरशात तुझ्यावर नजर ठेवून होतो. जेवतेस, शिंकतेस. पण खात्री आत्ता झाली. मेलेल्याला घाम येत नाही."

तो लाकडं घेऊन गेला आणि मी तिथंच बसून राहिले. त्या बाईनं बाही का ओढली ते आता कळलं. मेलेल्या पोरीचा चेहरा आणि त्याच्याखाली निजवलेलं नाव, हे तिनं पाहिलं होतं. पण मला दुसऱ्याच गोष्टीनं धरून ठेवलं होतं. ॲडलेडमध्ये मी मेले असते तर आठवड्यात माझ्या कपाटाची किल्ली दुसरीला दिली असती, बिल्ला काढून ठेवला असता, आणि कुणीतरी केक आणला असता. ही माणसं नीट वागतात, त्यांची मला तक्रार नाही. पण इथं, ज्यांच्याकडं मी पाठ फिरवली, ज्यांच्या मातीला मी आले नाही, त्यांनी माझ्यासाठी केस कापले. मी लहानपणी झोपायचे ते झोपडं धुरानं भरून मोकळं केलं, माझं घोंगडं जाळलं, माझ्या वाटा फांद्यांनी झाडून काढल्या, आणि सबंध तळ उचलून दुसरीकडं मांडला. लेस्टरनं हे सगळं त्याच्या नेहमीच्या आवाजात सांगितलं होतं, गाडीच्या दुरुस्तीबद्दल बोलावं तसं. आणि तीन वर्षं, रोज, तीनशे माणसांनी दोन अक्षरं तोंडातून गाळली. भांडताना, झोपेत, दारू प्यायल्यावरसुद्धा. मी कुणाची कोण आहे याचा हिशोब मला कधी लागला नव्हता, तो या पाण्याकाठी लागला. माणसाला एवढं धरून ठेवतात, आणि ज्याला धरलंय त्याला कळतही नाही. मला त्या गोष्टीचं भय वाटलं. खडकाचं वाटतं तसं. मग मला रडू आलं, मोठ्यानं, आणि ग्रॅहम काय झालं ते बघायला आला तेव्हा लेस्टर त्याला म्हणाला, "काही नाही, गुरुजी. बाई घरी आलीय."

तिसऱ्या दिवशी सकाळी वस्ती दिसू लागली. लेस्टरनं गाडी लांबच उभी केली. माझी मात्र आता खरी परीक्षा होती. थोरल्या आईनं मला रडून पुरलं होतं, आणि ती मला परत घेईल की भूत म्हणून तोंड झाकून आत जाईल, हे मलाही माहीत नव्हतं आणि लेस्टरलाही. "अशीच समोर आलीस तर तिथंच आडवी होईल ती," तो म्हणाला. "चेहऱ्यावर ती विश्वास ठेवणार नाही. चेहरा कुणीही घेतं. बूट काढ. गाडीपासून त्या झाडापर्यंत अनवाणी चालत जा आणि तिकडं तोंड न करता बस. बोलायचं नाही. मी तिला एवढंच सांगेन, एकीची पावलं बघायला चल."

वाळू थंड होती. दोनशे पावलं असतील. पाय कोवळे पडले होते, काटे बोचत होते, आणि मी चालताना चांगलं चालायचा प्रयत्न करत होते, परीक्षेत अक्षर काढावं तसं. मग लक्षात आलं की हे खोटं होईल, आणि मी जसं येईल तसं चालले. झाडाखाली पाठ करून बसले. येणाऱ्यानं असंच लांब बसायचं असतं, घरातलं कुणीतरी न्यायला येईपर्यंत, आणि कुणी आलं नाही तर उठून जायचं. माश्या तोंडावर बसत होत्या, मी उडवल्या नाहीत. मागं कुत्री भुंकली, मग गप्प झाली. बायकांचा आवाज आला आणि तोही थांबला. मग काठीचा आवाज. काठी टेकायची, थांबायची. पुन्हा टेकायची. ती माझ्याकडं येत नव्हती. ती गाडीपाशी गेली होती आणि तिथून माझं एकेक पाऊल बघत, वाकून, पुढं सरकत होती. मला मान वळवायची नव्हती, पण डोळ्यांच्या कोपऱ्यातून गाडीजवळची माणसं दिसत होती. ग्रॅहमनं टोपी काढून हातात घेतली होती आणि कॅमेरा पिशवीत घातला होता, त्याला कुणी सांगितलं नव्हतं. दोनशे पावलं वाचायला तिला इतका वेळ लागला की ऊन माझ्या गुडघ्यावरून मांडीवर आलं.

काठी माझ्या मागं येऊन थांबली. तिच्या श्वासाचा आवाज येत होता.

"डावा पाय अजून आतच टाकतेस," ती म्हणाली. "सांगून सांगून जीभ झिजली माझी."

मी वळले. ती खूप लहान झाली होती. केस कापलेले, पांढरे, पोरासारखे. डोळ्यांवर ढग आले होते. ती माझ्याकडं बघत नव्हती, माझ्या तळव्यांकडं बघत होती. मग काठी उचलली आणि माझ्या पोटरीवर मारली, चांगली सणसणीत. "ही तिच्यासाठी," ती म्हणाली. "जिच्या मातीला आली नाहीस तिच्यासाठी. आधी तिला रड." ती खाली बसली, माझ्या गुडघ्याला गुडघा लावून, कपाळाला कपाळ लावून, आणि तिनं सूर धरला. मला वाटलं होतं, मी विसरले असेन. नऊ वर्षं मी ज्याला घाबरत होते तो सूर माझ्या तोंडातून आपोआप आला, तिच्या मागोमाग, मागून आलेल्या बायकांच्याही आधी. आम्ही आईला रडलो. किती वेळ ते माहीत नाही. मग ती थांबली, माझं नाक तिच्या परकरानं पुसलं, आणि माझ्या तोंडावर, मानेवर, दंडावर हात फिरवत राहिली, जिथं जिथं हाड लागेल तिथं दाबून बघत.

"केस कापले मी," ती म्हणाली. "कमरेपर्यंत होते."

"माहीत आहे, आई."

"तीन थंड्या मला कुणी नावानं हाक मारली नाही. दुकानात कुन्मनारा, दवाखान्यात कुन्मनारा. कधी कधी वाटायचं, तुझ्याबरोबर मीपण गेले की काय." तिनं माझा हात घट्ट धरला. "घे आता."

"काय?"

"नाव घे. तू मेली नाहीस तर मीपण नाही."

आमच्यात थोरल्यांना नावानं हाक मारत नाहीत. आणि ते तर माझंच नाव. दिवसातून पन्नास वेळा मी ते ऐकते, पण त्या नावानं मी कधी कुणाला हाक मारली नव्हती. लेस्टरनं मान खाली घातली होती. मी जीभ टाळूला लावली.

"डल्सी," मी म्हणाले.

"ओ," ती म्हणाली, आणि मी तिला उठवावं म्हणून तिनं दोन्ही हात वर केले.